आमच्याकडे राहिलेला आठ नंबर

एप्रिलचा पहिला शनिवार, सकाळचे अकरा. रक्कम चारशे पौंड, रोख, सगळ्या वीसच्या नोटा. जागा आमचं स्वयंपाकघर. हजर: मी, माझी बायको, आमची खोली भाड्याने घ्यायला आलेला तो आणि त्याची आई. ठेव आईने पर्समधून काढून दिली, म्हणून पावती मी तिच्याच नावाने केली. तो तेवढा वेळ खिडकीबाहेर बघत होता. सत्तावीस वर्षांच्या माणसाची ठेव त्याच्या आईने भरावी हे त्याला आवडलं नव्हतं, पण तिच्यापुढे त्याचं काही चालत नव्हतं.

मुलगी मँचेस्टरला शिकायला गेल्यापासून तिची खोली रिकामी होती. बायको इथल्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ, मी कौन्सिलच्या पगार विभागात. पैशांची अडचण नव्हती, पण रिकाम्या खोलीला हीटिंग देणं मला पटत नव्हतं. तो इलेक्ट्रिशियन. त्याचं नवं काम आमच्या गावात होतं आणि काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, टीमचं सरावाचं मैदान आमच्या घरापासून गाडीने दहा मिनिटांवर. त्याचं स्वतःचं घर डोंगरापलीकडे, गुरांचं फार्म, तासाभराची वाट. म्हणून ही सोय.

त्याच्या आईने खोली बघितली, पलंग बघितला आणि म्हणाली, "याचे पाय बाहेर येतील."

"सहा फूट तीन इंच आहे पलंग," मी म्हणालो. मी मोजला होता.

"हा सहा-चार आहे."

"मग एक इंच बाहेर येईल," बायको म्हणाली. यावर ती बाई पहिल्यांदा हसली. जाताना तिने घरी भाजलेल्या गव्हाच्या पावाच्या दोन लाद्या ओट्यावर ठेवल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "जेवला नाही तर मला फोन करा. याला विचारू नका. हा विचारल्यावर कधी खरं सांगत नाही. बापावर गेलाय."

बाप तीन वर्षांपूर्वी गेला होता. तो तरुणपणी काउंटीच्या टीममध्ये होता, पण राखीव. पाच उन्हाळे बाकावर बसला आणि चॅम्पियनशिपमध्ये एक मिनिटसुद्धा मैदानात उतरला नाही. हे मला तिनेच सांगितलं, ओळख होऊन अर्धा तास झाला नसेल. मुलगा मिडफिल्डला खेळतो, पाठीवर आठ नंबर, हे सांगताना तिने "आठ" असं म्हटलं की जणू ते त्याचं शिक्षण होतं.

अठरा वर्षं या गावात राहून मी गेलिक फुटबॉल या आयरिश खेळाकडे लक्ष दिलं नव्हतं. आता घरातच खेळाडू आल्यावर समजून घेणं भाग होतं. एका बाजूला पंधरा जण. चेंडू हातानेही खेळायचा, पायानेही. गोलाचे खांब उंच, मध्ये आडवा बार. बारच्या खालून जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे तीन. बारवरून गेला तर एक पॉइंट, आणि नव्या नियमाने फार लांबून मारला तर दोन. गुणफलकावर मात्र गोल आणि पॉइंट वेगवेगळे लिहितात. एक-चौदा म्हणजे एक गोल, चौदा पॉइंट, एकूण सतरा. हे मला फार आवडलं. पण दुसरी गोष्ट काही केल्या डोक्यात शिरेना. पंधरा-वीस हजार माणसं तिकीट काढून येतात, आणि खेळणाऱ्याला पगार शून्य.

"पेट्रोल देतात," तो म्हणाला.

"आणि?"

"आणि सरावानंतर जेवण."

"मग दुसऱ्या काउंटीने पैसे दिले तर?"

"दुसऱ्या काउंटीकडून खेळता येत नाही, काका. जिथले तिथलेच." काका हा शब्द त्याने माझ्या मुलीच्या मैत्रिणींकडून उचलला होता, ईस्टरच्या सुटीत. तो बायकोला मात्र डॉक्टर म्हणायचा.

संध्याकाळी आमचा एक खेळ ठरून गेला. मी जेवणाच्या टेबलावर पेपरमधले निकाल वाचायचो. "दोन-नऊ." घास तोंडात असतानाच तो म्हणायचा, "पंधरा." "एक-अठरा." "एकवीस." मी पगाराच्या बेरजा करण्यात आयुष्य घालवलंय, पण त्याच्या आधी मला एकदाही उत्तर देता आलं नाही. फोडणीचा वास वर गेला की तो जिन्यावरून धडधडत खाली यायचा आणि झाकण उचलून बघायचा. मोहरीला तो "फटाके" म्हणायचा. हे सगळं मी लिहितोय कारण पुढे नेमकं हेच बिघडलं.

प्रांताच्या फेरीत ते उपांत्य सामना हरले. मग पुढच्या फेरीसाठी गटातले तीन सामने. पहिला हरले. दुसरा रविवारी घरच्या मैदानावर होता आणि आम्ही दोघं गेलो. तिकीट वीस पौंड, त्याने फुकट मिळवून देतो म्हटलं होतं, पण मी विकत घेतलं. फुकट तिकिटावर बसून मला आरडाओरडा करता आला नसता. त्याची आई आमच्या शेजारी येऊन बसली. ती ओरडत नव्हती. दोन्ही हात मांडीवर ठेवून, ओठ घट्ट मिटून बघत होती.

सामना संपायला थोडा वेळ उरला असताना एक उंच चेंडू आला. चार-पाच जणांनी एकदम उड्या मारल्या. आमचा आठ नंबर खाली आला तो आडवाच. कुणाचं कोपर की खांदा लागला ते दिसलं नाही. टीमचा डॉक्टर धावत गेला, वाकून काहीतरी बोलला, त्याने मान डोलावली, उठला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढे दोन-तीन मिनिटांत चेंडू त्याच्याकडेच आला, त्याने एकाला चुकवलं आणि बारवरून मारला. पांढऱ्या कोटातल्या पंचाने पॉइंटचं पांढरं निशाण हलवलं. शून्य-एकोणीस विरुद्ध एक-पंधरा. एका पॉइंटने जिंकलो. माझ्या पुढच्या अनोळखी माणसाने मला मिठी मारली.

सोमवारी मी कामावरून आलो तेव्हा त्याने आमच्या स्वयंपाकघरातलं बटण बदललं होतं. आता गोल फिरवायचं बटण होतं, दिवा कमी-जास्त करायचं.

"छान दिसतं ना, काका? हा दिवा फार टोचतो."

नऊ वर्षांत तो दिवा कुणाला टोचला नव्हता. मी म्हणालो, "किती झाले?"

"राहू द्या हो."

मंगळवारी मी आमटीला फोडणी दिली आणि तो जिन्यावरून आला तो झाकण उचलायला नाही, दार लावायला. "आवाज," एवढंच म्हणाला. मी त्यावर विचार केला आणि सोडून दिला. थकला असेल. सकाळी सहाला उठतो, दिवसभर छतात तारा ओढतो.

बुधवारी जेवताना मी सवयीने पेपर उघडला. "दोन-अकरा."

"तेरा," तो म्हणाला.

मी वर बघितलं. तो भात कालवत होता. चेहऱ्यावर काही नव्हतं. चुकलो असंही नव्हतं. दोन आणि अकरा तेरा, असं शाळेत न गेलेलं इथलं पोरही म्हणणार नाही. सतरा हवे होते. मी पेपर मिटला.

"डोकं दुखतंय का रे तुझं?"

मग त्याने हळू आवाजात सांगितलं. डोकं दुखतं, उजेड सहन होत नाही, दोनदा उलटी झाली. "पण कमी होतंय. काका, फक्त रविवार. रविवारी जिंकलो किंवा बरोबरी झाली तर आम्ही पुढे. नऊ वर्षं वाट बघतोय. तुम्ही कुणाला बोलू नका."

मी काही बोललो नाही. त्याने तो माझा होकार धरला आणि ताट धुऊन वर गेला.

बायको ड्युटीवरून आली तेव्हा मी तिला अंगातला कोट काढायच्या आत सगळं सांगितलं. ती तशीच वर गेली आणि पाच मिनिटांत खाली आली.

"म्हणतो, आय ॲम ग्रँड, डॉक्टर, मला काही झालेलं नाही. तपासू देत नाही."

"म्हणजे किती गंभीर?"

"हे बरं होतं. विश्रांती घेतली तर बरं होतं. पण हे बरं व्हायच्या आत दुसरा मार बसला, तर काय होईल ते मी सांगू शकत नाही. आणि कुणीच सांगू शकत नाही. अशी पोरं मी ऑपरेशनच्या टेबलावर पाहिलीयेत." तिने पाण्याचा ग्लास भरला आणि प्यायलीच नाही. "त्यांच्या टीमच्या डॉक्टरला कळवायला हवं. नंबर आहे?"

"नाही. मी त्याच्या आईला फोन करतो."

"आईला?" ती माझ्याकडे बघत राहिली. "अरे, तो सत्तावीस वर्षांचा आहे."

"मग?"

"मग काय! इथे असं करत नाहीत. त्याला किती अपमान वाटेल. मॅनेजरला शोध, क्लबमध्ये विचार."

पण मॅनेजर मला परका होता आणि आई माझ्या टेबलाशी बसून चहा प्यायली होती. घरात राहणाऱ्या पोराचं काही बिनसलं तर त्याच्या घरच्या मोठ्या माणसाला आधी कळवायचं, मग बाकी जगाला. यात चूक काय ते मला तेव्हा दिसलं नाही. मी फोन केला. ती म्हणाली, "उद्या येते."

ती आली गुरुवारी संध्याकाळी, तो कामावरून यायच्या आधी, पुन्हा पावाची लादी घेऊन. मी सांगितलं ते तिने शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "मिस्टर, तो गाईच्या पायाखाली आलाय दोनदा. ट्रॅक्टरवरून पडलाय. आमच्या घरातली माणसं टणक आहेत."

"बाई, त्याला उलटी झाली."

"तुमच्या मिरचीने झाली असेल."

"दिवा सहन होत नाही त्याला."

"रविवारपर्यंत होईल." तिचा आवाज जरा चढला. "तुम्हाला कल्पना आहे का रविवार म्हणजे काय? त्याचा बाप पाच वर्षं बाकावर बसला. पाच वर्षं मी कडेला उभी राहून बघितलं की आज तरी उठवतील. आता माझा मुलगा तिथे पहिल्या पंधरात आहे, आणि तुम्ही त्याला स्वतःहून बाकावर बसवायला सांगताय?"

ज्या माणसावर भरवसा ठेवून फोन केला, त्याच माणसाला तो रविवार सगळ्यात जास्त हवा होता. बायको ओट्याला टेकून उभी होती. ती मला "सांगितलं होतं ना" असं काही म्हणाली नाही, पण तिने माझ्याकडे बघितलंही नाही.

मग तो आला. दारातच थांबला. "काका. तुम्ही आईला फोन केलात?"

"केला."

"मी शाळेत आहे का?"

"बस," आई म्हणाली. "खा." आणि मला, "म्हणे तुम्ही याला आकडे विचारता. विचारा माझ्यासमोर."

मी पेपर घेतला. टेबलावर पसरला. "एक-चौदा."

"सतरा," तो म्हणाला, माझ्या डोळ्यांत डोळे घालून.

"तीन-आठ."

"सतरा. अजून?"

"दोन-दहा."

"सोळा."

सगळी बरोबर. आईच्या चेहऱ्यावर हसू यायला लागलं होतं आणि मला वाटलं, आता संपलं. बुधवारी मीच चुकीचं ऐकलं असेन. किंवा तो खरंच दमला असेल. एका माणसाचा उन्हाळा मी एका बेरजेवरून बुडवायला निघालो होतो.

आई उठली. जायला उठली असं मला वाटलं. पर्स खांद्यावर घेतली, त्याच्या खुर्चीमागे गेली, त्याच्या केसांवरून हात फिरवला आणि सहज बोलल्यासारखं विचारलं, "गेल्या रविवारचा शेवटचा पॉइंट मस्त होता रे. बॉल कुणी दिला होता तुला?"

"कोपऱ्यातून आला."

"कुणाकडून?"

"आई, गर्दी होती."

"बरं. कुठल्या पायाने मारलास?"

तो हसला. "उजव्या. दुसऱ्या कुठल्या?"

तिचा हात त्याच्या डोक्यावरच थांबला. मला काही कळलं नाही. मी तो पॉइंट पाहिला होता, पण पाय बघितला नव्हता.

"डाव्या पायाने मारलास, पोरा," ती म्हणाली. "तुझा बाप तुला गोठ्याच्या भिंतीवर रोज डावा मारायला लावायचा आणि तू रडायचास. मैदानात आजवर तू डाव्याने कधी मारला नव्हतास. मी स्टँडमध्ये तुझ्या बापाशी बोलले रविवारी. मनातल्या मनात. आणि तुला आठवत नाही."

तो दोन्ही हातांनी डोकं धरून बसला. आईने माझ्याकडे न बघता विचारलं, "डॉक्टर, दुसऱ्यांदा लागलं तर?" बायकोने तेच सांगितलं जे मला सांगितलं होतं. आईने तिथेच, आमच्या फ्रीजसमोर उभं राहून मॅनेजरला फोन लावला. ती मिनिटभर बोलली असेल. फोन ठेवला तेव्हा तो वर निघून गेला होता. तिने पावाची लादी कापली, चार तुकडे केले, लोणी लावलं आणि ते कुणीच खाल्ले नाहीत.

गावाला ही बातमी शुक्रवारी सकाळी कळली. पेपरच्या दुकानातला माणूस मला म्हणाला, "आमच्या आठ नंबरला काय खायला घातलंत हो?" तो हसत होता, पण अर्धवटच. ऑफिसमध्ये दोघांनी विचारलं. काउंटीची निशाणं दिव्यांच्या खांबांवर फडफडत होती आणि त्यांच्याखालून चालताना मला सारखं वाटत होतं की माणसं माझ्याकडे बघताहेत. कदाचित कुणीच बघत नव्हतं. रविवारी आपण हरलो तर यांना कारण माझ्या घरात सापडेल, हे मी पक्कं धरून चाललो होतो.

सामना दुसऱ्या काउंटीत होता, तटस्थ मैदानावर. तो टीमच्या ट्रॅकसूटमध्ये, काळा चष्मा लावून, राखीव खेळाडूंच्याही मागे बसला होता. आई माझ्या शेजारी. आम्ही शून्य-सतरा, ते एक-सोळा. दोनने हरलो. हंगाम संपला.

मागून एकजण ओरडला, "आठ नंबर असता तर जिंकलो असतो! डोकं दुखतं म्हणे!"

आई वळली. "तुझं दुखायला आधी ते असायला हवं," ती म्हणाली. आजूबाजूचे हसले. ती मात्र हसली नाही. तो मैदानात असता तर ते दोन पॉइंट मिळाले असते का, हा हिशोब मी त्या उन्हाळ्यात किती वेळा मांडला असेल. एकदाही सुटला नाही.

तीन आठवडे तो माझ्याशी कामापुरतंच बोलला. ताट वर नेऊन जेवायचा. भाडं एक तारखेला खात्यात जमा. बायकोने त्याला हॉस्पिटलात जायला लावलं, तपासण्या झाल्या, विश्रांती सांगितली, हळूहळू चालणं, मग पळणं. स्वयंपाकघरातला दिवा मंदच राहिला. आम्ही त्या उजेडात भाजी चिरायला शिकलो. रात्री मी अंथरुणात विचार करायचो की हा कायमचा असाच राहिला तर. बायकोला विचारलं की ती म्हणायची, "थांब. वाट बघ." मला ते जमत नाही.

जुलैमध्ये एका संध्याकाळी मी जिरं टाकलं आणि जिन्यावर धडधड ऐकली. तो आत आला, झाकण उचललं, मग भिंतीकडे गेला आणि बटण पूर्ण फिरवलं. एकदम इतका उजेड झाला की मलाच डोळे मिचकवावे लागले.

"फटाके कुठे आहेत, काका?"

"आज जिऱ्याची आहे."

तो बसला. बराच वेळ कांद्याशी खेळत राहिला. मग म्हणाला, "एक-सोळा. एकोणीस. आपले सतरा. दोन कमी पडले."

"हो."

"मी तो डाव्याचा पॉइंट पाहिला काल. व्हिडिओवर. दुसऱ्याच कुणाचा बघतोय असं वाटलं." आणि मग, "चांगला मारलाय."

ऑगस्टच्या शेवटी त्याचं इथलं काम संपलं आणि तो घरी परत जायला निघाला. हिवाळ्यात पुन्हा सराव सुरू करायला डॉक्टरांनी परवानगी दिली होती. खोली मी तपासली. भिंतीला एक खिळा जास्त होता, तो मी हिशोबात धरला नाही.

"ठेव माझ्याच खात्यात टाका," तो म्हणाला.

"पावती आईच्या नावाने आहे."

"पुन्हा आई? काका, तुम्ही सुधारणार नाही." आणि तो हसला, मोठ्याने, जसा एप्रिलमध्ये हसायचा.

शनिवारी आम्ही दोघं डोंगरापलीकडे गाडीने गेलो. गोठ्याची भिंत मी पाहिली. एका जागी चुना पार उडालेला आहे, जमिनीपासून साधारण माझ्या छातीएवढ्या उंचीवर. ठेव चारशे पौंड, रोख, त्याच्या आईला, तिच्या स्वयंपाकघरात दिली. तिने मोजली नाही. दिव्याच्या बटणाचे बावीस पौंड त्याला. तो नको म्हणत होता, मी टेबलावर ठेवले, आणि आम्ही निघताना त्याने ते खिशात घातल्याचं मी पाहिलं.